साग, साल आणि वणवा: रोपट्यांनी घडवलेल्या रानांचा इतिहास

सातपुड्यातून पूर्वेकडे जाताना मंडला-बालाघाटच्या मुलखात सागाची राने विरळ होत जातात आणि सालाची सुरू होतात. ही सीमा फार जुनी आहे. मध्य प्रांताची जंगले पहिल्यांदा पद्धतशीर पाहणाऱ्यांपैकी कॅप्टन जेम्स फोरसिथ याने आपल्या १८७१च्या ग्रंथात तिची सांगड जमिनीशी घातली. दख्खनच्या काळ्या पाषाणावर साग आणि वालुकाश्म किंवा जांभ्याच्या जमिनीवर साल, असा त्याचा ढोबळ ताळा होता. पचमढीखालच्या देनवा खोऱ्यात सालाचा एक तुकडा मुख्य सालक्षेत्रापासून दूर तुटून उभा आहे. तिथे सालाबरोबर लाल रानकोंबडा आणि बारशिंगा हे पूर्वेकडचे प्राणीही त्याला आढळले, आणि याचे त्याला मोठे कुतूहल वाटले होते.

जमिनीचा हा ताळा बराचसा खरा असला तरी त्याने सगळे उलगडत नाही. एकाच जातीच्या मातीवर कुठे निव्वळ साग उभा असतो, कुठे सागाबरोबर ऐन, धावडा, बिजा आणि तिवस असतात, तर कुठे नुसता पळस. मोठ्या झाडांकडे पाहून या फरकाचे कारण सापडत नाही. कोणत्या जातीची किती रोपे पहिल्या पाच-दहा उन्हाळ्यांतून वाचली, यावर पुढच्या शंभर वर्षांचे रान ठरते. एवढी गोष्ट कळायला वनखात्याला जवळजवळ अर्धे शतक लागले आणि त्या अर्ध्या शतकात बरीच राने आपले रूप बदलून बसली.

साग आणि साल यांच्या बियांपासूनच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. सागाचे फळ हिवाळ्यात पिकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गळते. त्याचे कवच इतके टणक असते की बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहू शकते. ऊन आणि पाऊस आलटून पालटून लागले की ते कवच ढिले होते. वरून गेलेली हलकी आगही त्याला मदत करते. त्यामुळे एका वर्षी पडलेले बी एकदम उगवत नाही, काही यंदा तर काही पुढच्या पावसाळ्यात. सालाचे याच्या अगदी उलट आहे. त्याचे पंखांचे फळ पावसाच्या तोंडावर, जूनच्या सुमारास गळते आणि जेमतेम आठवडा-दोन आठवडे जिवंत राहते. पाऊस वेळेवर आला तर जमीन रोपांनी हिरवी होते, लांबला तर त्या वर्षीचे सारे बी फुकट जाते. शिवाय बियांचा भरघोस हंगाम दरवर्षी येत नाही.

पुढची खोड मात्र दोघांत सारखी आहे. रोप उगवले म्हणजे झाड झाले, असे होत नाही. उन्हाळ्यात वरचा कोंब वाळतो किंवा जळतो आणि पावसाळ्यात बुडातून नवा फुटतो. पुढच्या उन्हाळ्यात तोही जातो. हे दहा-पंधरा वर्षेही चालू शकते. वरून पाहणाऱ्याला वीतभर रोप दिसते, पण जमिनीखाली मुळाचा गड्डा जाड होत असतो. त्यात पुरेसा साठा झाला की एखाद्या पावसाळ्यात सरळ, जोमदार कोंब उसळतो आणि वणव्याच्या ज्वाळेच्या वर डोके काढतो. तिथून पुढे त्याला फारसे भय नसते. म्हणजे रानात दिसणाऱ्या गुडघाभर रोपांत काही यंदाची असतात आणि काही बापाच्या वयाची. वरून पाहून ती ओळखता येत नाहीत. सुरुवातीच्या वनाधिकाऱ्यांचे बरेच हिशेब इथेच चुकले.

वनखाते येण्यापूर्वी या रोपांवर तीन गोष्टींचा अंमल होता: आग, गुरे आणि फिरती शेती. मोहफुले वेचायला जमीन साफ हवी, गुरांना कोवळे गवत हवे, शिकारीला रान उघडे हवे, म्हणून होळीच्या आगेमागे रान पेटवले जाई. बैगांची बेवर, माडियांचा पेंडा, कोकणातील दळी आणि कानड्यातील कुमरी या सगळ्यांत झाडे तोडून, जाळून, राखेत धान्य पेरून दोन-तीन वर्षांनी जागा सोडण्याची रीत होती. सोडलेल्या जागी खोडाला फुटवे धरणाऱ्या आणि मुळातून पुन्हा उठणाऱ्या जाती पहिल्यांदा परत येत. गुरांच्या चरण्यानेही निवड होई. बांबू, बिजा, तिवस, शिसम यांचे कोवळे शेंडे गुरे आवडीने खातात. सागाच्या खरखरीत पानाला आणि पळसाला सहसा तोंड लावत नाहीत. जिथे जनावरे वाढली तिथे साग आणि पळस आपोआप पुढे सरकले. आज जे ‘नैसर्गिक’ सागवन म्हणून दाखवले जाते, त्यातले पुष्कळसे अशा आगीतून आणि दातांखालून गाळून निघालेले आहे.

मराठेशाहीत झाडांचा विचार होता, पण तो मोठ्या झाडांचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, मात्र आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे, कारण ती झाडे रयतेने वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढवलेली असतात. साग कोणी लावत नव्हते, तो रानात असायचाच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलबार आणि कोकणच्या किनाऱ्यावरचा जहाजबांधणीचा साग संपत आला, तेव्हा हा समज मोडला. मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी १८४२ पासून निलंबूर येथे साग लावण्याचा उद्योग आरंभला. पहिली खटपट बियाण्यातच अडली, बी उगवेना. चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८४४च्या सुमारास रोपे धरू लागली आणि जगातील सर्वांत जुन्या सागलागवडींपैकी एक उभी राहिली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे हे अधीक्षक पेशाने डॉक्टर होते. त्या काळी वनशास्त्र शिकलेला माणूस हिंदुस्थानात मिळणे दुर्मीळच होते.

१८५५ मध्ये लॉर्ड डलहौसीने वनधोरणाचा मसुदा मांडला आणि पुढच्याच वर्षी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांवर नेमला गेला. हत्तीवरून, पायी, ठरावीक पट्ट्यातून जात त्याने सागाची झाडे घेरानुसार वर्गवारी करून मोजली. सहा फुटांहून जास्त घेराची झाडे पहिल्या वर्गात. खालच्या वर्गातली झाडे वर यायला जितकी वर्षे लागतील त्या मानाने दरवर्षी पहिल्या वर्गातली तोडायची. पद्धत साधी, सुंदर आणि हिशेबाला पक्की होती. कमकुवत होता तो तळचा वर्ग. लहान रोपे किती, त्यांतली खरी किती आणि वर येणारी किती, हे कुणालाच धड मोजता येत नव्हते. सगळ्या गणिताचा पाया मात्र तोच.

१८६४ मध्ये ब्रँडिस साऱ्या हिंदुस्थानचा महानिरीक्षक झाला. मध्य प्रांतात वनसंरक्षक कर्नल पिअरसन याने बोरीच्या जंगलात वणवा रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग १८६४-६५च्या सुमारास सुरू केला. १८५७च्या उठावात सामील झालेल्या भभूतसिंहाच्या मुलखातले हे जंगल सरकारने ताब्यात घेतले होते आणि १८६५ मध्ये ते राखीव झाले. जंगलाभोवती जाळरेषा काढायच्या, म्हणजे रुंद पट्टे आधीच जाळून मोकळे ठेवायचे, उन्हाळाभर रखवालदार ठेवायचे आणि आसपासच्या गावांना जबाबदार धरायचे. हे जमेल असे फार थोड्यांना वाटले होते. प्रत्यक्षात काही वर्षांतच बोरीत सागाचे तरुण खांब दाट उभे राहिले. वर्षानुवर्षे जळून जमिनीखाली तग धरून बसलेल्या गड्ड्यांना पहिल्यांदाच मोकळीक मिळाली होती. खात्याने हे यश नव्या रोपांचे मानले; खरे तर ती जुन्या आगींतून वाचलेल्या रोपांची कमाई होती. या गैरसमजाची किंमत पुढे दुसरीकडे मोजावी लागली.

बोरीचा धडा सगळ्या देशावर लादला गेला. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले. वनखात्याच्या अहवालांत त्या वर्षी किती चौरस मैल आगीपासून वाचवले, हा आकडा मानाचा झाला. अधिकाऱ्याची लायकी त्यावर जोखली जाऊ लागली. आग लावणारा कोरकू, गोंड किंवा बैगा हा रानाचा शत्रू, असे समीकरण पक्के झाले. बैगांची बेवर हळूहळू बंद करत १८९० मध्ये मंडल्यात ‘बैगा चक’ नावाच्या मर्यादित पट्ट्यापुरती ठेवली गेली.

ब्रह्मदेशातील ओल्या सागवनांत गणित उलटे पडले. तिथे वणवा थांबताच सागाखाली बांबू, वेली आणि सदाहरित झुडपे माजली. त्यांच्या गर्द सावलीत सागाचे रोप तग धरेना, कारण सागाला उघडे आकाश लागते. मोठे साग जसेच्या तसे, पण त्यांच्याखाली एकही वारस नाही, अशी राने दिसू लागली. १८९६ मध्ये एच. स्लेड या अधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात ब्रह्मदेशात आगीपासूनचे संरक्षण अती झाले आहे, असे शीर्षकातच ठणकावून सांगितले. वरिष्ठांना ते रुचले नाही. ज्या कामावर खात्याची अब्रू उभी होती, तेच रानाच्या मुळावर आले आहे, हे मान्य करणे सोपे नव्हते. मतभेद वर्षानुवर्षे चालले. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रह्मदेशातील काही ओल्या भागांत संरक्षण सोडून देण्यात आले आणि पुढे लवकर, ठरवून लावलेल्या हलक्या आगीची पद्धत आली.

सालाच्या बाबतीत हीच कथा बंगालच्या हिमालयपायथ्याच्या दुआर्स पट्ट्यात आणि आसामातल्या ग्वालपाड्यात घडली, आणि ती सर्वांत बोलकी आहे. या भागात उंच गवताची माळराने दरवर्षी जळत. गवतात सालाची रोपे जळत-फुटत जगत होती. आग थांबवली तेव्हा पहिल्या वीस-तीस वर्षांत सालाने गवतावर मात केली आणि सरळ खांबांची उत्तम राने उभी राहिली. अधिकारी खूश झाले. पण त्याच रानांखाली ओलावा साचला, गवत गेले, सदाहरित झुडपे आणि वेली आल्या, आणि सालाची पुढची पिढी उगवेनाशी झाली. बी पडत होते, रोपे उठत होती आणि पहिल्याच पावसाळ्यात मरत होती. एका पिढीला घडवणाऱ्या संरक्षणाने दुसरीची वाट बंद केली.

रोपे पावसाळ्यात का मरतात, हे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत शोधले गेले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट सेल्बी होल याने सालाच्या रोपांवर बरीच वर्षे प्रयोग केले आणि १९१४ पासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाट सावलीत, कुजत्या पानांच्या थराखाली, पावसाळ्यात माती पाण्याने भरते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. ज्यांची मुळे वाचतात तीही खोल गेलेली नसतात, म्हणून पावसानंतरच्या कोरड्यात ती वाळून जातात. उघडलेल्या, पालापाचोळा काढलेल्या पट्ट्यांत रोपे तगली. मात्र पूर्ण उघड्या मैदानात दुसरी संकटे होती: कडक ऊन, गवताची स्पर्धा, आणि हिवाळ्यात खोलगट जागी पडणारे हिव. साल फक्त उजेड मागत नाही, तो नेमका उजेड मागतो. होलच्या कामाने वादाला पहिल्यांदा जमिनीचा आधार मिळाला. आग चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा ठरला. कुठल्या जागी, किती ओलाव्यात, रोपाच्या कोणत्या वयात, असे विचारावे लागले.

वनाधिकारी आर. एस. ट्रूप याचा १९२१ मधील तीन खंडांचा ग्रंथ हा या साऱ्या अनुभवाचा कोश आहे. शेकडो जातींच्या रोपांची सावली, पाला, आग, हिव, गुरे यांना सोसण्याची ताकद त्यात नोंदवली आहे. पुढे वनशास्त्रज्ञ हॅरी चॅम्पियन याने १९३६ मध्ये हिंदुस्थानातील वनप्रकारांचे वर्गीकरण केले. त्यात काही राने हवामानाने ठरतात आणि काही आग, तोड, चराई यांनी अडवून धरलेली असतात, हा फरक स्पष्ट केला. आजही वनखात्याची वर्गवारी मूलतः त्याच्यावरच आधारलेली आहे.

विदर्भातील कोरडी सागवने या वादापासून बरीच दूर राहिली. मेळघाटात किंवा आलापल्लीच्या परिसरात आग थांबल्याने सागाला सहसा तोटा झाला नाही. तिथले बदल तोडीच्या पद्धतीने झाले. जंगलाचे कूप पाडायचे, दरवर्षी एक कूप तोडायचे, काही मोठी झाडे बीसाठी राखायची आणि बाकीचे बुडापासून कापून फुटव्यांवर सोडायचे. बियांपासूनच्या रोपापेक्षा फुटवा पहिल्या काही वर्षांत झपाट्याने वाढतो, कारण त्याला बापाचे मूळ आयते मिळते. साग आणि धावडा यांचे फुटवे जोरदार. बिजा मागे पडतो. तीस-चाळीस वर्षांच्या फेऱ्यांनी रानाचे माप सागाकडे झुकले. त्यात तोडीनंतर चराईबंदी ठेवायची की नाही, यावर गावांशी कायम तंटा. बंदी जिथे खरोखर पाळली गेली तिथे बांबू आणि मिश्र जाती आल्या, जिथे कागदावर राहिली तिथे साग आणि पळस.

कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी तंटा वेगळाच होता. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला राब लागतो आणि राबासाठी झाडांच्या फांद्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खात्याने यावर निर्बंध घातले तेव्हा इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राबासाठी ऐनाच्या फांद्या विशेष पसंत. शेतकरी आपल्या मालकीच्या जमिनीत ऐनाची रोपे राखत आला, दुसरी काढून टाकत आला. कोकणातल्या खाजगी रानांत छाटलेल्या डोक्यांचे जे ऐन दिसतात, ते या निवडीचे फळ आहे.

रोपाच्या गड्ड्यावर साऱ्या जगण्याचा भार आहे, हे एकदा कळल्यावर वनखात्याने ते ज्ञान लागवडीत वापरले. गादीवाफ्यावर सागाचे बी टाकून वर्षभराने रोपे उपटायची, वरचा कोंब बोटभर ठेवून कापायचा, मूळ वीतभर ठेवायचे आणि ही सागजडी पावसाच्या तोंडावर लोखंडी पहारीने पाडलेल्या छिद्रात रोवायची. रानातली दहा-पंधरा वर्षांची धडपड त्यामुळे एका वर्षावर आली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून महाराष्ट्रात लागलेला बहुतेक साग असाच उभा राहिला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने चंद्रपूर, गोंदिया, नाशिककडच्या मिश्र रानांचे कितीतरी तुकडे सपाट तोडून तिथे साग लावला. लाकडाच्या हिशेबाने ते चुकले नसेल, पण मिश्र रान सपाट केल्यावर बीवाले झाड उरत नाही, आणि बीवाले झाड नसेल तर रोपांची वाट पाहण्यात अर्थ नाही. आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा तोडीतून वगळलेला आहे. तो २०१४ मध्ये महाराष्ट्राचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. जुने मिश्र रान कसे असते हे पाहायला विदर्भात अशा जागा फार उरलेल्या नाहीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही नवे दाबही आले. घाणेरी हे शोभेचे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेले झुडूप रानांच्या तळाशी इतके पसरले की त्याच्या जाळीतून रोपाला वर यायला वाव राहिला नाही. संरक्षित क्षेत्रांत तृणभक्षी वाढले की कोवळ्या रोपांवर तोंड पडते. कान्ह्याच्या माळांवर साल पुन्हा शिरत नाही, त्याला हिव, चितळ आणि गवताची आग ही तिन्ही कारणे मिळून आहेत. दक्षिणेत मुदुमलाई येथे १९८८ पासून ५० हेक्टर क्षेत्रातील एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोड चिन्हांकित करून पाहिले जात आहे. तिथे सर्वाधिक मृत्यू लहान खोडांतच आढळले, ते आगीने आणि हत्तींनी. हत्तींना आवडणारा वारंग हा वृक्ष तर झपाट्याने कमी झाला. मोठ्या झाडांचे आकडे त्या काळात फारसे हललेही नव्हते.

आग आजही विदर्भात लागते, आणि आता तिचे मुख्य कारण तेंदूपान आहे. झुडपे जमिनीलगत छाटली आणि तळ जाळला की एप्रिल-मेमध्ये मऊ, मोठी पाने फुटतात. विडीला तीच लागतात. तेंदूला हे सोसते, कारण तो मुळातून कोंब काढतो. शेजारच्या बऱ्याच जातींच्या रोपांना ते सोसत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर काही ग्रामसभांच्या हाती जंगलाचे व्यवस्थापन आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. त्यानंतर पाने तोडण्यासाठी छाटणी आणि आग करावी लागते म्हणून तेंदूपानाचे उत्पन्न तिने सोडून दिले. गावाची कमाई आता मुख्यतः बांबूवर चालते.